सातशे लिटर समुद्र

भूपेशला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते मी पहिल्याच संध्याकाळी मांडून पाहायला हवं होतं. नव्या धंद्याला बिनभाड्याची शोरूम मिळणार होती. शोरूमला बिनपगारी राखणदार मिळणार होता, तोही बी. कॉम. झालेला. गिऱ्हाईक आलं की चहा त्याच्या सख्ख्या बहिणीच्या हातचा. आणि एवढं सगळं घेऊन वर तो मला 'घरच्या भावात' सातशे लिटरचा समुद्र देत होता, तेव्हा मी भारावून त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. याला साक्षीदार आहेत.

भूपेश हा माझा मेहुणा, मनिषाचा धाकटा भाऊ. आधी त्याने गोदामांना कॅमेरे बसवले, मग सोलर बसवलं, मग कॅमेऱ्यांवर सोलर बसवलं. आता तो खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत शिरला होता. त्याचं गणित साधं होतं. भिवंडीबाहेर वडप्याकडे ज्यांच्या जमिनी गोदामांना गेल्या त्यांनी बंगले बांधले, बंगल्यांना लिफ्ट बसवल्या, लिफ्टना आरसे बसवले. आता पुढे काय बसवावं ते त्यांना सुचत नाहीये. त्यांच्या हॉलमध्ये समुद्र बसवायचा. पण त्याआधी एक समुद्र कुणाच्या तरी घरी चालू स्थितीत दाखवायला हवा.

मी वडप्याच्याच एका गोदामात बावीस वर्षं स्टॉक रजिस्टर सांभाळतो. आवक, जावक, तूटफूट, शिल्लक. त्यामुळे मला कुणी फसवू शकत नाही असा माझा समज आहे, आणि तो समज भूपेशला चांगला ठाऊक आहे. "भावोजी, तुमच्यासारख्या हिशेबी माणसाने घेतलं म्हटल्यावर लोक डोळे झाकून घेतील," असं तो म्हणाला. डोळे तिथेच कुणाचे झाकले गेले ते सांगायला नको.

माझा फायदाही लिहून ठेवतो, म्हणजे खातं एकतर्फी वाटणार नाही. आमच्या गोदामाची जमीन हितेशशेठची. मी नोकरीला लागलो तेव्हा हा हितेश सायकलवरून यायचा आणि बँकेची स्लिप माझ्याकडून भरून घ्यायचा. आता तो गाडीची काच दोन बोटं खाली करतो, "काय, बरं ना?" विचारतो, आणि उत्तराआधी काच वर जाते. हा माणूस एकदा माझ्या हॉलमध्ये यावा, समोरची भिंत बघावी आणि त्याच्या तोंडून शब्द फुटू नये, एवढीच माझी इच्छा होती. डॉक्टरांनी रक्तदाबाला मासे बघायला सांगितलेत असं मी घरी सांगितलं. डॉक्टरांनी मीठ कमी खायला सांगितलं होतं.

टाकी सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. ती हॉलच्या भिंतीला लागली तोवर सगळं ठीक होतं. मग भूपेशने खिशातून दुसरा कागद काढला. टाकी ही म्हणे नुसता चेहरा. पोट, फुप्फुसं आणि मूत्रपिंड वेगळी. पाणी गाळायची खालची टाकी, घाण फेसावाटे काढणारं एक उभं नळकांडं, पाणी थंड ठेवणारा चिलर, नळाचं पाणी शुद्ध करणारं यंत्र, खारं पाणी कालवायचे दोन निळे ड्रम, दोन पंप, आणि पंप बंद पडला तर तिसरा. या मंडळींना एक खोली लागणार होती.

खोली एकच होती. मुलगी रीमा लग्न होऊन पनवेलला गेली आणि तिची दहा बाय आठची खोली रिकामी झाली, ती मनिषाने घेतली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला आलेली ही पहिली खोली. तिथे तिने आपली पिकोची मशीन मांडली, खिडकीला दोऱ्यांची रिळं टांगली, कोपऱ्यात एक पिंप ठेवलं. त्यात ती फॉलच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात भिजवायची, म्हणजे पुढे साडीवर रंग उतरत नाही आणि फॉल आटत नाही. आमच्या टेमघर भागातल्या सगळ्या बायका तिच्याकडे साड्या टाकायच्या. दार लोटून घेतलं की ती आतून गुणगुणते, हे मला त्या खोलीमुळे सत्तावीस वर्षांनी कळलं.

मी तिला म्हणालो, फक्त एक महिना. तोवर भूपेश गॅलरीत पत्र्याची शेड करून देतो, यंत्रं तिकडे जातील.

मनिषाने माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला तिने शिवणाच्या खडूने गोल काढला.

"दहा तारखेला माझी मशीन परत आत," ती म्हणाली.

भूपेश म्हणाला, "ताई, नऊलाच आणू."

कॅलेंडरवरच्या त्या गोलाला पुढे बरीच भावंडं झाली.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जीवनराव. त्यांना कागद आवडतो. पाणी भरायचं ठरलं होतं त्याच्या आदल्या दिवशी ते आले आणि त्यांनी वजनाची चौकशी केली. पाणी, काच, दगड, लोखंडी टेबल मिळून टन भरेल असं भूपेशने अभिमानाने सांगितलं. मी घाईघाईने म्हणालो की टन म्हणजे फार नाही, साधारण पंधरा माणसं. रीमाच्या हळदीला याच हॉलमध्ये साठ माणसं नाचली होती. जीवनराव म्हणाले, ती माणसं घरी गेली.

मग स्लॅबच्या दाखल्याचा विषय आला. स्लॅबच्या दाखल्यासाठी इंजिनीयर आला. इंजिनीयरला इमारतीचा मूळ नकाशा हवा होता, आणि मूळ नकाशात आमचा हॉल हा जिना होता. जिना कसा काय झाला ते बिल्डरला ठाऊक, आणि बिल्डर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. महापालिकेत पाळीव प्राण्यांचा अर्ज मिळाला. त्यात कुत्रा, मांजर आणि इतर असे रकाने होते. 'इतर'पुढे 'मासे' लिहिलं तर खिडकीतल्या बाईंनी प्रत्येक माशाचा लसीकरणाचा दाखला मागितला. मी परत आलो. शेवटी जीवनरावांनीच सोसायटीतर्फे ना हरकत पत्र दिलं, त्यात 'समुद्रामुळे होणाऱ्या परिणामांस सभासद स्वतः जबाबदार राहील' असं एक वाक्य घातलं. मी सही केली. गोदामात मी स्वल्पविराम तपासल्याशिवाय सही करत नाही.

खरी हरकत खाली राहणाऱ्या पुतळाबाईंची होती. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्या बरोबर आमच्याखाली तळमजल्यावर. पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांची पिठाची गिरणी होती. यजमान गेले, गिरणी विकली, खोली आणि गिरणीचा वेगळा मीटर राहिला. त्या खोलीत त्या खाट टाकून दुपारी पडायच्या. वर टाकी भरली त्या दिवशी त्यांनी खाट मागच्या खोलीत ओढून नेली. मग रोज सकाळी पुढच्या खोलीच्या छताला बोटभर कमी पडेल अशी झाडूची काठी उभी करून बघायच्या, छत काठीपर्यंत आलं का ते. जिन्यात भेटल्या की मापं सांगायच्या. "आज व्यवस्थित आहे," असं त्या ज्या सुरात म्हणायच्या त्यात उद्याची खात्री नसायची.

दहा तारीख आली. गॅलरीत शेड झाली नव्हती, कारण शेडला ना हरकत पत्र वेगळं. मनिषाची मशीन गॅलरीतच उघड्यावर गेली. तिने कॅलेंडरवर पुढच्या दहा तारखेला दुसरा गोल काढला.

आता मीठ. समुद्राचं पाणी खाडीतून आणलं तर त्यात भिवंडीचे सगळे रंग येतात, म्हणून परदेशी मीठ बादल्यांतून मागवायचं आणि शुद्ध पाण्यात कालवायचं. त्या बादलीची किंमत माझ्या सासऱ्यांच्या कानावर गेली. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. दामूमामा खारबावचे, आयुष्याची चाळीस वर्षं त्यांनी खाडीकाठच्या मिठागरात काढली. जावई मीठ विकत घेतो, तेही विलायतेतून, बादलीने, हे ऐकून ते दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन राहायलाच आले. पिशवीत कपडे कमी आणि मीठ जास्त होतं.

भूपेशने वडिलांना समजावलं की यात साधं मीठ चालत नाही, हे शास्त्र आहे. त्याच्याकडे दुर्बिणीसारखी एक नळी होती. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आत खारेपणाचा आकडा दिसतो. आकडा बरोबर पस्तीस. मामांनी ड्रममध्ये बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"जास्त हाय," ते म्हणाले. "यो पानी आनखी चार दिस उन्हात ठेवला त मीठ धरील. यात मासा न्हाय जगाचा."

भूपेश हसला. मी पण हसलो, कारण आकडा मला दिसत होता आणि जीभ त्यांच्या तोंडात होती. पहिले सहा मासे आले. ते नखाएवढे होते आणि एकेकाच्या किमतीत टोपलीभर सुरमई आली असती. शेजारपाजारचे बघायला आले. प्रत्येकाने काचेला नाक लावलं, प्रत्येकाने रंगांचं कौतुक केलं, आणि प्रत्येकाने जाताना विचारलं, खायला कसे लागतात. मी सुरुवातीला उत्तर देत असे. पुढे मी 'काटे फार' असं सांगून विषय मिटवू लागलो.

मासे तीन दिवसांत गेले. भूपेशने तापमान बघितलं, पंप बघितले, माझ्याकडे बघितलं. मी काही खायला घातलं का असं विचारलं. मामा गॅलरीत मनिषाच्या मशीनशेजारी बसून दोरा ओवून देत होते.

मनिषाने साडी दुमडता दुमडता विचारलं, "काटा रिकामा ठेवून बघितलात?"

गोदामात रोज सकाळी मी पहिलं काम तेच करतो. वजनकाटा रिकामा ठेवायचा, शून्य दाखवतो का ते बघायचं, मगच पहिला ट्रक चढवायचा. बावीस वर्षं मी ते नव्या पोरांना शिकवत आलो. नळीच्या काचेवर पिण्याच्या पाण्याचा थेंब टाकला. शून्य दिसायला हवं होतं. रेघ शून्याच्या बरीच खाली जाऊन बसली होती. म्हणजे आम्ही ज्याला पस्तीस म्हणत होतो ते बेचाळीसच्या पुढे होतं. त्यानंतर पाणी कालवताना नळी आणि मामांची जीभ दोन्ही लागायच्या, आणि मतभेद झाला तर जिभेचं चालायचं. या वयात मामांना घरात हुद्दा मिळाला. माझा होता तो थोडा खाली सरकला.

मग विजेचं पहिलं बिल आलं. भूपेशने महिन्याला पंखा जास्त फिरल्याएवढा खर्च सांगितला होता. तो पंखा बहुधा विमानाचा असावा. मी बिल हातात धरून सोफ्यावर आडवा झालो. मनिषाने ते माझ्या हातातून काढून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "बघते मी."

मी घरखर्चाला पूर्वीपासून देतो तेवढेच पैसे देत राहिलो आणि पुढचं विचारलं नाही. न विचारणं हेही एक कसब आहे, आणि ते मी इतक्या वर्षांच्या नोकरीत फार बारकाईने शिकलो आहे.

पण बिल फक्त आम्हीच बघत नव्हतो. आमच्या मागच्या गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने आहेत. दिवसरात्र खटखट चालते, तिची इतकी सवय की इथे माणसं एकमेकांशी थोडं मोठ्यानेच बोलतात. त्या आवाजात माझा चिलर आणि पंप कुणाला ऐकू येत नव्हते. फक्त शुक्रवारी लूम बंद असतात. शुक्रवारी सगळी गल्ली शांत होते, आणि त्या शांततेत माझ्या घरातून घुंऽघुंऽ खट, घुंऽघुंऽ खट असा आवाज बाहेर पडू लागला. गल्लीत बोललं जाऊ लागलं की टेमघरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कुणीतरी चोरून लूम बसवला आहे, आणि इतका लोभी माणूस आहे की शुक्रवारीसुद्धा बंद ठेवत नाही. जीवनराव म्हणतात की तक्रार त्यांनी केली नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण तक्रार टाइप केलेली होती आणि जीवनरावांचा प्रिंटर बिघडलेला आहे.

वीज कंपनीचं पथक आलं, शुक्रवारीच. एक साहेब, दोन माणसं, एक वायरमन. साहेबांनी आत येताच विचारलं, लूम कुठे आहे. मी त्यांना समुद्र दाखवला. साहेबांनी समुद्राच्या मागे बघितलं, खाली बघितलं. मग यंत्रांची खोली उघडली. वायरमन उत्तरेकडचा, पूर्वी लूमवर काम केलेला; तो डोळे मिटून दोन मिनिटं चिलरच्या आवाजाला कान लावून उभा राहिला.

"साहब, लूम तो नहीं है," तो म्हणाला. "पर जो भी है, इसका बेअरिंग जाने वाला है."

साहेब निराश झाले. चार माणसं गाडी घेऊन आली होती, रिकाम्या हातांनी परत कशी जाणार. तेवढ्यात गॅलरीतून मशीनचा आवाज आला. मनिषा साडीची किनार मारत होती, बाजूला साड्यांचा गठ्ठा, प्रत्येक साडीला टाचणीने नावाची चिठ्ठी. साहेबांनी चिठ्ठ्या मोजल्या आणि लिहिलं: घरगुती जोडणीवर व्यवसाय.

मी त्यांना म्हणालो की ही मोटार टाचणी सरकवण्याएवढी, आणि तुम्ही ज्याच्यासाठी आलात ते यंत्र आत आहे, त्याच्यावर लिहा. साहेब म्हणाले, ते तर तुमचा छंद आहे. छंदाला घरगुती दर लागतो.

हे ऐकल्यावर मनिषाने मशीनचा खटका बंद केला. सातशे लिटर पाणी थंड ठेवणारा माणूस छंदिष्ट ठरला, आणि तिच्या नावावर नोटीस निघाली. ती तीनदा वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन आली. एकदा मी गेलो असतो, पण त्या दिवशी बेअरिंग गेलं.

चौथ्या दिवशी कामावरून आलो तर गॅलरी रिकामी होती. मशीन नव्हती, गठ्ठे नव्हते, पिंप नव्हतं, खिळ्यावरचं कॅलेंडरही नव्हतं. ती खाली पुतळाबाईंच्या पुढच्या खोलीत गेली होती. गिरणीचा मीटर धंद्याचाच होता, नोटिशीचा प्रश्न मिटला. खोली रिकामीच होती, कारण तिच्या छतावर माझा समुद्र होता. मी खाली गेलो. मनिषा बरोबर टाकीखाली बसली होती. मी वर बोट दाखवून विचारलं, भीती नाही वाटत?

"तुम्ही वर आहात ना," ती म्हणाली. "पडलात तर दोघं एकदमच येऊ."

दिवस जात राहिले. शुक्रवार येत राहिले. माशांची आवक-जावक चालू राहिली, जावक अधिक. भूपेश दर दोन महिन्यांनी कुणीतरी गिऱ्हाईक आणायचा, ते सोफ्यावर बसून चहा प्यायचं, यंत्रांची खोली बघायचं आणि विचार करून सांगतो म्हणायचं. चहा आता मी करत होतो. अकराव्या महिन्यात टाकीत एकूण चार मासे उरले होते, तेही एका दगडामागे तोंड लपवून, माझ्यासारखे. आणि तेव्हाच भूपेशने सांगितलं की रविवारी संध्याकाळी हितेशशेठ येतोय.

मी नवा शर्ट काढला. घरात मामांनी मात्र हात पाठीमागे बांधून टाकीकडे फार वेळ बघितलं. सहा फुटांची टाकी, त्यात बोटाएवढे चार मासे, आणि समोर वडप्याचा जमीनदार. त्यांच्या दृष्टीने ही पंगत बसवून पानात नुसती चटणी वाढण्यासारखी गोष्ट होती. ते गुरुवारी खारबावला निघून गेले.

मामांच्या गावात घरामागे तळं असलं की त्यात जिताडा पाळतात. हा मासा खाडीतला, पण गोड्या पाण्यातही वाढतो. चांगला मोठा झाला की तो बाजारात जात नाही. लेकीच्या घरी जातो, व्याह्याकडे जातो, ज्याच्याशी नातं सांभाळायचं त्याच्या दारी जातो. मामांनी तळ्यातून दीड वीत लांबीचा जिताडा काढला, पिंपात घातला, आणि तीन दिवस थोडं थोडं मीठ चढवत, चाखत, त्याला जावयाच्या पाण्याची सवय लावली. रविवारी दुपारी टेम्पोतून पिंप घेऊन ते आले. मी न्हाव्याकडे होतो. भूपेश हितेशशेठला घ्यायला गेला होता. मामांनी मासा टाकीत सोडला आणि समाधानाने पान लावलं.

मी परतलो तेव्हा दगडामागे तीन मासे होते. बूट काढेपर्यंत दोन. आरडाओरडा करण्यात अर्थ नव्हता, कारण ज्या जाळीने मी जिताड्याला पकडणार होतो त्या जाळीत त्याचं फक्त तोंड मावलं असतं. मी सोफ्यावर बसलो.

"मामा, हे काय केलंत?"

"पावनं यायचं हायेत ना?" मामा म्हणाले. "मंग त्यांच्या म्होरं मासा नको?"

त्याच क्षणी जिन्यात हितेशशेठचा आवाज आला. दार उघडं होतं. तो आत आला, समोरच्या भिंतीकडे बघितलं, आणि ज्यासाठी मी अकरा महिने घालवले होते ते घडलं. त्याचं तोंड उघडं राहिलं.

निळ्या दिव्यात, विलायती पाण्यात, चंदेरी जिताडा एकटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरत होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात केशरी शेपटीचा तुकडा होता.

हितेशशेठ काचेजवळ गेला. वडप्याला त्यांची शेती होती तेव्हा त्याचा आजा खाडीवरच्या पाहुण्यांकडून असाच मासा आणायचा, म्हणाला. मग त्याने भूपेशला सांगितलं, मला हेच पाहिजे. टाकी बारा फुटांची कर, मासा हा, आणि आत जी यंत्रं आहेत ती सगळी.

जिताड्याला चिलर लागत नाही, फेस काढणारं नळकांडं लागत नाही, पिण्याच्या दर्जाचं पाणी तर मुळीच लागत नाही. हे भूपेशला कळत होतं, मला कळत होतं, मामांना तर चांगलंच कळत होतं. तिघांपैकी कुणीही बोललं नाही. मामांचा माझ्याबद्दलचा आदर त्या दिवशी थोडा वाढला असावा.

निघताना हितेशशेठ माझ्याकडे वळला. मी शर्ट सारखा केला. तो म्हणाला, "तुमचे सासरे फार मोठे माणूस आहेत."

तीन दिवसांत भूपेशची माणसं यंत्रं घेऊन गेली. माझ्याकडची वापरलेली, त्यामुळे घरचाच भाव. त्यांची रक्कम माझ्या उरलेल्या देण्यात वळती झाली. खोली रिकामी झाली. मी स्वतः ती झाडली, भिंतींवरची मिठाची पुटं खरवडली, खिडकीला खिळे परत ठोकले आणि मनिषाला बोलवायला खाली गेलो.

ती आणि पुतळाबाई समोरासमोर बसल्या होत्या. पुतळाबाई फॉलला कच्चा धावदोरा घालत होत्या. छत मापायची काठी कोपऱ्यात होती आणि तिच्यावर साड्या वाळत होत्या. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर अकरा गोल, अकरावा पुढच्या दहा तारखेला.

मी म्हणालो, "खोली तयार आहे. दहा तारखेच्या आत."

मनिषाने पाय मशीनवरून काढला नाही. "राहू दे," ती म्हणाली. "इथे बरं आहे. पुतळाबाई आहेत, रस्त्यावरून बायका थेट येतात. ती खोली तुम्हीच ठेवा. तुम्हाला सामान ठेवायला लागते."

तिने खणातून हिरवं बॉबिन काढून द्यायला सांगितलं. खणात बॉबिनं नव्हती. तो चुकीचा खण होता. त्यात विजेच्या बिलांच्या पावत्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या. आमच्या घराच्या, वरच्या. अकरा. प्रत्येकीच्या मागे तिच्या अक्षरात एक आकडा होता आणि पुढे 'साड्या'. एक्केचाळीस साड्या. अठ्ठावन्न साड्या. मे महिन्याची, उकाड्यातली, चिलर थांबतच नव्हता तेव्हाची, ब्याऐंशी साड्या.

आकडे दिसले की मी बेरीज करतो. तो दोष आहे. सहाशे तेरा आले.

"बरोबर आहे?" तिने वर न बघता विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

पुतळाबाईंनी दोरा दाताने तोडला आणि खिडकीबाहेर बघितलं.

परदेशी मिठाच्या दोन बादल्या उरल्या होत्या, सील न फोडलेल्या. भूपेश त्या न्यायला विसरला, आणि मी आठवण करून दिली नाही. आता रोज संध्याकाळी कामावरून आलो की मी त्यातलं मूठभर मीठ घेऊन खाली जातो, पिंपात कालवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या फॉलच्या पट्ट्या भिजत घालतो. मामा बोट बुडवून पाणी चाखतात. बहुतेक वेळा जास्त हाय म्हणतात. मी पाणी वाढवतो. जिताडा वर हॉलमध्ये आहे, साध्या नळाच्या पाण्यात, एका पंपावर. वजन वाढतंय, आणि तो कुणाच्या दारी जाणार ते मामा सांगत नाहीत.

शेवटची नोंद रीतीप्रमाणे करून ठेवतो. भूपेश: बारा फुटांची एक ऑर्डर, चालू. हितेशशेठ: एक जिताडा, त्याला न लागणाऱ्या यंत्रांसह. जीवनराव: एक ना हरकत पत्र, लॅमिनेट करून नोटीस बोर्डावर. मामा: एक हुद्दा. पुतळाबाई: दुपारची सोबत, छत जागेवर. मी: एक रिकामी खोली, दहा बाय आठ.

भरणा: मनिषा. साड्या सहाशे तेरा. माझ्याकडून परतफेड चालू आहे. आजपर्यंत फॉल भिजवून दिले, चौसष्ट.